लेहरा धरणारं यंत्र

स्वतंत्र तबलावादनाच्या मैफलीत एका माणसाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो हार्मोनियमवर सोळा मात्रांची एक लहानशी सुरावट वाजवतो आणि मग तीच वाजवत राहतो, अर्धा तास, कधी तासभर. तिला लेहरा म्हणतात. काहीजण नगमा म्हणतात. तबलावादक पेशकार मांडतो, कायदा उलगडतो, रेल्यात शिरतो, तिहाई घेऊन समेवर येतो. लेहरा मात्र होता तिथेच असतो. नवख्या श्रोत्याला हे काम सोपं वाटतं. तबलजीला विचाराल तर तो सांगेल, की लेहरा जरा हलला तरी पायाखालची जमीन सरकते. लेहरा पक्का असेल तर कितीही दूर जाता येतं, कारण परत यायची जागा ठरलेली असते.

या प्रकरणात ज्या यंत्राविषयी बोलायचं आहे, ते लेहरा धरतं. त्याचं नाव स्टेप सीक्वेन्सर. सिंथेसायझरला कोणता स्वर, कधी आणि किती वेळ वाजवायचा हे तो सांगतो आणि सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. काही यंत्रांमध्ये तो सिंथेसायझरच्याच पेटीत असतो, काहींमध्ये वेगळा. संगणकाचा पडदा नाही, माउस नाही. समोर नॉब, बटणं आणि एकेक करून पेटत जाणारे लाल दिवे. असं यंत्र शिकायचं म्हणजे नॉबांची नावं पाठ करायची, असा अनेकांचा समज असतो. नावं आठवड्याभरात पाठ होतात. खरं शिकणं वेगळं आहे. वादक एका हालचालीत जे करून जातो, त्याचे इथे तुकडे होतात: स्वराची उंची वेगळी, लांबी वेगळी, जोर वेगळा, शेजारच्या स्वराशी नातं वेगळं. प्रत्येक तुकडा आपण स्वतंत्रपणे ठरवायचा आणि ते सगळे पुन्हा एक होऊन गातात का, हे कानाने तपासायचं.

आवाज कुठून येतो

सिंथेसायझरमध्ये तार नसते, चामडं नसतं, भात्यातली हवा नसते. विजेचा दाब ठरावीक गतीने वरखाली होतो आणि त्या तालावर स्पीकरचा पडदा हवेला ढकलतो. हे वरखाली होणं सेकंदाला ११० वेळा झालं तर ११० हर्ट्झचा खर्जातला स्वर ऐकू येतो. ते करणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात.

दाब कसा वरखाली होतो, यावर आवाजाचा पोत ठरतो. करवतीच्या दात्यासारखा हळूहळू चढून एकदम कोसळला, तर त्या स्वरात मूळ ११०च्या जोडीला २२०, ३३०, ४४० असे सगळे उपस्वर येतात आणि आवाज भरदार, काहीसा खरखरीत लागतो. चौकोनी पायऱ्यांसारखा वर-खाली, वर-खाली झाला, तर फक्त विषम उपस्वर उरतात, ११०, ३३०, ५५०. आवाज पोकळ होतो, क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांची आठवण देणारा.

दुसरा भाग फिल्टर. तो समजून घ्यायला यंत्राची गरज नाही. एकच सूर धरा, ‘ऊ’ म्हणा आणि सूर न बदलता हळूहळू ‘आ’वर या. गळ्यातून येणारा स्वर तोच आहे, तरी आवाज उजळत गेला. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलल्यामुळे काही उपस्वर दबले, काही पुढे आले. तुमचं तोंड हा तुम्हाला जन्मापासून मिळालेला फिल्टर आहे. सिंथेसायझरमधला नेहमीचा फिल्टर एका ठरावीक उंचीच्या वरचे उपस्वर दाबतो. ती उंची ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ. अनेक यंत्रांत हा फिल्टर इतका कडक असतो, की कटऑफच्या वर दर सप्तकाला उपस्वराची ताकद सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. शेजारचा रेझोनन्सचा नॉब कटऑफच्या आसपासचे उपस्वर उचलून धरतो. तो चढवून कटऑफ फिरवला, की यंत्र ‘वाऽऊ’ असं बोलल्यासारखं वाटतं. आपल्या तोंडाशी असलेलं त्याचं नातं तिथे उघड होतं.

तिसरा भाग एन्व्हलप. तंबोऱ्याची तार छेडली की आवाज चटकन उमटतो आणि विरत जातो. सारंगीवर गज ओढला की आवाज हळूच उगवतो आणि गज चालेल तोवर टिकतो. उगवणं, उतरणं, टिकणं, विरणं हा जो काळातला आकार, तो एन्व्हलप काढून देतो. तो आवाजाच्या पातळीला जोडता येतो, तसाच फिल्टरच्या कटऑफलाही. दुसऱ्या जोडणीमुळे प्रत्येक स्वर ‘आ’ म्हणून उघडतो आणि ‘ऊ’ होऊन मिटतो.

नवशिक्याने पहिल्या दिवशी एवढंच करावं. करवती लहर घ्यावी, कटऑफ मध्यावर ठेवावा, रेझोनन्स शून्यावर, एन्व्हलप आखूड. मग एका वेळी एकच नॉब हलवावा, आणि हलवण्याआधी आवाजाचं काय होईल ते मनात ऐकावं. मनातला आवाज आणि यंत्राचा आवाज जुळू लागले, की यंत्राची भाषा समजू लागली असं समजावं.

सोळा घरं

आता या आवाजाला स्वर सांगायचे. बहुतेक स्टेप सीक्वेन्सरमध्ये सोळा घरं असतात. पाश्चात्त्य पद्धतीत चार ठोक्यांचा एक बार, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा. त्रितालाच्या ओळखीमुळे मराठी वाचकाला ही संख्या लगेच घरची वाटेल: चार-चार मात्रांचे चार विभाग, पहिलीवर सम, नववीवर खाली. हे साम्य उपयोगी आहे. पहिलं घर समेसारखं वजनदार ठेवून नवव्या घरापाशी वजन काढून घेतलं, तर पॅटर्नला श्वास येतो. पण घर म्हणजे मात्रा नव्हे, हे विसरू नये. मिनिटाला १२० ठोके ही नाचाच्या संगीताची अगदी सामान्य गती. तीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, एक घर १२५ मिलिसेकंदांचं आणि सोळा घरांचं आवर्तन फक्त दोन सेकंदांचं. घरालाच मात्रा मानलं तर मिनिटाला ४८० मात्रा होतात. म्हणून कानाने ठोका धरायचा आणि घरांना त्याच्या आतली पावपाव मात्रा मानायचं.

दोन यंत्रं एकत्र चालवायची, तर त्यांचा काळ एक हवा. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी ही पद्धत आली. तीत एक यंत्र दुसऱ्याला दर ठोक्याला २४ टिचक्या पाठवतं; म्हणजे एका घराला सहा. टिचक्यांची ही मोजणी दोन यंत्रांना एका समेवर ठेवते. मिडी घडवण्यात पुढे असलेल्या दोघांना, जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना, २०१३ साली तांत्रिक योगदानाचं ग्रॅमी मिळालं.

मी स्वतः शिकायला बसलो तेव्हा पहिले काही दिवस सोळाच्या सोळा घरं भरत होतो. रिकामं घर म्हणजे आपल्याला काही सुचलं नाही, असं वाटायचं. ऐकायला ते शिवणयंत्रासारखं लागे. एकदा लेहऱ्याची जुनी ध्वनिफीत लावून कागदावर सोळा चौकोन काढले आणि नवा स्वर कुठे सुरू होतो तिथेच खूण केली. खुणा नऊ झाल्या. उरलेल्या घरांत आधीचा स्वर नुसता टिकून होता, नाहीतर शांतता होती. त्या सात चौकोनांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हतं.

दोन याद्या

स्वराचे तुकडे करण्याचं सर्वांत टोकाचं आणि म्हणूनच सर्वांत शिकवणारं उदाहरण म्हणजे रोलँडचं टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आलं आणि १९८४ साली त्याचं उत्पादन थांबलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. आत एकच ऑसिलेटर, करवती किंवा चौकोनी. वर सहा लहान नॉबांची ओळ. खाली एका सप्तकाची तेरा बटणं. त्यावर नेहमीसारखं वाजवून पॅटर्न भरता येत नाही. आधी एका पद्धतीत नुसते स्वर ओळीने भरायचे आणि मग दुसऱ्या पद्धतीत त्यांचा काळ. काळाच्या यादीत प्रत्येक घरासाठी तीनच पर्याय: नवा स्वर, आधीचा धरून ठेवणं, विश्रांती.

भूप घेऊन बघू. पांढरी एकला सा धरला तर भूपाचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. स्वरांची यादी अशी: सा, सा, ग, प, ध, तार सा, ध, प, ग, रे. एकूण दहा. काळाची यादी अशी: पहिल्या घरात स्वर, दुसऱ्यात तोच धरलेला, तिसऱ्यात विश्रांती, चौथ्यात आणि पाचव्यात स्वर, सहाव्यात विश्रांती, सातव्यात आणि आठव्यात स्वर, नवव्यात विश्रांती, म्हणजे आपली खाली, दहाव्यात स्वर, अकराव्यात तोच धरलेला, बारा, तेरा, चौदा, पंधरा या घरांत स्वर, सोळाव्यात विश्रांती. दहा स्वर, दोन धरलेली घरं, चार विश्रांती. सोळा पूर्ण. यंत्र सुरू केलं की दोन्ही याद्या एकमेकींत गुंफल्या जातात: तार सा दहाव्या घरात येतो, आणि शेवटचा रे विश्रांती ओलांडून पुन्हा समेवरच्या सा वर उतरतो.

आता एक चूक करू. चौथ्या घरात स्वराऐवजी चुकून विश्रांती दाबली गेली. दुसरा सा पाचव्या घरात सरकला, ग सातव्यात, प आठव्यात, ध दहाव्यात, तार सा बाराव्यात. रेला जागाच उरली नाही. एका बटणाच्या चुकीने सगळी सुरावट एकेक पाऊल ढकलली गेली, पण लय मात्र बहुतांशी तशीच राहिली. तेच स्वर नव्या वजनांवर पडल्याने चालच बदलली. भूपाच्या त्याच स्वरांत आता ग वरून सा वर येणं आहे.

हे यंत्र भरायला अवघड आहे अशी तक्रार पहिल्यापासून होती, आणि ती खरी होती. पण शिकणाऱ्यासाठी या दोन याद्यांमध्ये मोठा धडा आहे. एरवी आपण चाल गुणगुणतो तेव्हा स्वर आणि लय एकजीव असतात. त्यांना वेगळं करून पाहायची सवय नसते. इथे तीच लय ठेवून स्वर बदलता येतात, तेच स्वर ठेवून लय बदलता येते. तबला शिकणारा एकाच कायद्याचे पलटे करतो, तेव्हा तोही मोजकेच बोल घेऊन त्यांच्या जागा बदलत असतो.

दुसरे रस्ते

सगळे सीक्वेन्सर असे दोन याद्यांचे नसतात. रॉबर्ट मूग यांच्या १९६०च्या दशकातल्या मोठ्या, तारांनी जोडायच्या सिंथेसायझरला ९६० क्रमांकाचा सीक्वेन्सर होता. त्यात आठ घरं आणि प्रत्येक घराखाली तीन नॉब. नॉब फिरवला की घरातून बाहेर जाणारा व्होल्टेज बदलायचा. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतरासाठी, सा पासून कोमल रे पर्यंत, व्होल्टचा बारावा हिस्सा. नॉबवर स्वरांच्या खुणा नसत. प्रत्येक घर कानाने लावावं लागे, सतारीच्या तरफा लावाव्या तसं. जर्मनीतल्या टँजरीन ड्रीम या मंडळींनी १९७४च्या ‘फेड्रा’मध्ये असा सीक्वेन्सर वापरला, आणि १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर यांनी डोना समर यांच्या ‘आय फील लव्ह’ला मूगचाच धडधडता बेस दिला.

भारतातही मूगचा सिंथेसायझर फार लवकर आला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला. गीता साराभाई यांचा त्यामागे पुढाकार होता. काही वर्षं तिथे भारतीय संगीतकारांनी टेपवर प्रयोग केले आणि मग तो स्टुडिओ शांत झाला.

रोलँडच्याच टीआर-८०८ या १९८०च्या तालयंत्रात तिसरी पद्धत आहे. तळाशी सोळा रंगीत बटणं, एकेका घराचं एकेक. बास ड्रम निवडायचा आणि ज्या घरात तो हवा ते बटण दाबायचं; दिवा पेटला की तिथे ठोका. यंत्र चालू असतानाच बटणं दाबत-सोडत राहायचं. पाहताक्षणी ताल डोळ्यांना दिसतो, म्हणून नवशिक्यासाठी ही पद्धत सर्वांत सोपी. आजच्या बहुतेक यंत्रांनी तीच घेतली आहे.

चौथी पद्धत एसएच-१०१ या सिंथेसायझरची, १९८२ची. त्यात शंभर घरं. भरायचं बटण दाबायचं आणि पट्ट्या ओळीने वाजवायच्या, कितीही सावकाश. विश्रांतीला एक बटण, स्वर धरून ठेवायला दुसरं. बोटं अडखळली तरी चालतं, कारण यंत्र तुमचा वेळ मोजत नाही, फक्त क्रम लक्षात ठेवतं.

यातली कोणती पद्धत चांगली, या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येक पद्धत हाताला वेगळ्या वाटेने नेते आणि वेगळ्या सुरावटी सुचवते. बटणांच्या ओळीवर माणूस ताल रचतो, १०१वर चाल रचतो, ३०३वर कोडं घालतो आणि सोडवतो.

जोर आणि मींड

दहा स्वर आणि चार विश्रांती एवढ्यावर पॅटर्न उभा राहतो, पण चालत नाही. त्याला चालवतात दोन खुणा.

पहिली जोराची. ३०३मध्ये एखाद्या स्वरावर ॲक्सेंटची खूण केली, तर तो नुसता मोठा होत नाही. फिल्टरही जास्त उघडतो आणि स्वर अधिक झटक्यात मिटतो. तबल्यावर ‘ना’ किनारीवर जोरात पडला की आवाज वाढतोच, शिवाय त्याचा रंगही बदलतो, तसंच काहीसं. ॲक्सेंटचे स्वर लागोपाठ आले तर परिपथातला विजेचा साठा पुरता रिकामा होत नाही, म्हणून प्रत्येक पुढचा स्वर आधीच्याहून थोडा अधिक उजळ होतो. हा गुण कुणी बटण म्हणून दिलेला नाही, तो घडणीतून आला आहे. तो हाताशी धरायचा तर ॲक्सेंट विखरून टाकू नयेत. दोन-तीन शेजारी ठेवावेत, मग बराच वेळ एकही नको.

दुसरी खूण स्लाइडची. तिने एक स्वर न तुटता पुढच्या स्वरात ओघळतो. मराठी कानाला ही मींड वाटेल. पण फरक ऐकावा. ३०३ची घसरण ठरावीक वेळात होते. अंतर एका स्वराचं असो वा सप्तकाचं, वेळ तोच. गवयाची मींड मात्र वाटेत कुठे रेंगाळायचं ते स्वतः ठरवते, आणि त्या रेंगाळण्यातच राग दिसतो. म्हणून यंत्राकडून मींडेची अपेक्षा न करता स्लाइडला मुरकीच्या जवळची एक वेगळी चीज मानावं. आपल्या भूपात सातव्या घरातल्या प वर ती खूण केली तर प घसरून आठव्यातल्या ध ला जाईल, आणि त्यानंतरची विश्रांती एकदम खोल वाटेल.

सुरांच्या बाबतीतही यंत्राची मर्यादा माहीत असावी. बहुतेक सिंथेसायझर सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यातला शुद्ध ग तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. १०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. हार्मोनियमविरुद्धची जुनी तक्रार हीच होती. आता कोर्ग कंपनीच्या मोनोलॉगसारख्या काही लहान यंत्रांत प्रत्येक स्वर हवा तसा उतरवता किंवा चढवता येतो. भूपाचा ग १४ सेंट उतरवून तंबोऱ्याबरोबर तोच पॅटर्न चालवून पाहावा. घासणारा आवाज थांबतो आणि दोन्ही वाद्यं एका खोलीत आल्यासारखी वाटतात.

शिकागो आणि मुंबई

३०३ बेस गिटारसारखं वाजत नव्हतं, म्हणून ते फारसं विकलं गेलं नाही. जुन्या वाद्यांच्या दुकानांत ते स्वस्तात पडून राहिलं. शिकागोतल्या फ्यूचर या गटाच्या तिघा तरुणांनी असंच एक जुनं यंत्र घेतलं. पॅटर्न त्यांनी चालू ठेवला आणि त्यावर कटऑफ, रेझोनन्स आणि डिके, म्हणजे एन्व्हलपचं उतरणं, यांचे नॉब फिरवत राहिले. सुरावट बदलली नाही. ती अकरा मिनिटांहून अधिक वेळ तीच राहिली. बदलत होता तो तिचा रंग: मिटलेला, उघडणारा, किंचाळणारा, पुन्हा मिटणारा. १९८७ साली ती रेकॉर्ड ‘ॲसिड ट्रॅक्स’ नावाने निघाली आणि ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत तिच्यातून वाढलं. १९९०च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या रात्रींतून जगभर ज्याला गोव्याचं नाव मिळालं, त्या गोवा ट्रान्समध्येही ३०३चा तोच वळवळणारा आवाज आहे.

पण ‘ॲसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, मुंबईत हे यंत्र एका अनुभवी वादकाच्या हातात होतं. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत असत. त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीने ती काढली, पण तिची दखल फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले, कारण आवाज ॲसिड हाउसचा होता आणि साल त्याच्या आधीचं. शिकागोच्या तरुणांनी ती ऐकली असल्याची कुठलीही खूण नाही. दोन शहरांत दोन वेगळ्या गरजांतून लोक एकाच यंत्राच्या एकाच गुणापर्यंत पोहोचले. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. त्याआधी युरोपातल्या रंगमंचांवर तेच राग वाजवण्याची संधी त्यांना मिळाली.

या दोन रेकॉर्ड शेजारी ठेवून ऐकाव्यात. मुंबईच्या रेकॉर्डमध्ये ताल आणि बेसची घुमरी यंत्रं धरतात आणि त्यावर रागाची बढत वादकाचा हात करतो. शिकागोच्या रेकॉर्डमध्ये स्वर यंत्र धरतं आणि हात फिल्टरवर असतो. दोन्हीकडे कामाची वाटणी सारखीच आहे. यंत्राने एक गोष्ट न थकता धरली, म्हणून माणसाचा हात मोकळा झाला.

रियाज

शिकायला ३०३च हवं असं नाही. जुनी यंत्रं आता संग्राहकांच्या किमतीला जातात. कोर्गच्या व्होल्का मालिकेसारखी हातात मावणारी सोळा घरांची यंत्रं २०१३पासून मिळतात, आणि ३०३च्या धर्तीवरची नवी यंत्रंही आहेत. कोणतंही घेतलं तरी रियाजाचा क्रम असा ठेवता येतो.

पहिल्या आठवड्यात एकच स्वर. सोळा घरांत फक्त सा आणि विश्रांती वापरून असा पॅटर्न करा, की दहा मिनिटं ऐकूनही कंटाळा येऊ नये. यात स्वराचा आधार नसतो, म्हणून जागा, लांबी आणि जोर यांच्याकडे पाहणं भाग पडतं.

दुसऱ्या आठवड्यात तोच ठेका ठेवून तीन स्वर घाला. रोज स्वर बदला, ठेका बदलू नका. तिसऱ्या आठवड्यात उलट करा: स्वर तेच, त्यांच्या जागा नव्या.

चौथ्या आठवड्यात पॅटर्नची लांबी बदला. बहुतेक यंत्रांत सोळापेक्षा कमी घरांवर आवर्तन तोडता येतं. सातवर तोडलंत तर रूपक, दहावर तोडलंत तर झपताल मनात धरता येईल. मग तालयंत्र सोळावर आणि बेस सातवर चालवा. दोन्ही एकत्र सुरू झाले तर पुन्हा एकत्र समेवर येतात ११२ घरांनी, म्हणजे तालयंत्राच्या सात आवर्तनांनंतर. दहा आणि सोळाची भेट ८० घरांनी होते. बारा आणि सोळाची ४८. दोन लहान, साध्या पॅटर्नमधून लांब, न उबगणारी रचना निघते, आणि भेटीचा क्षण तिहाईच्या अखेरच्या ‘धा’सारखा जाणवतो.

यानंतर नॉबांना हात लावा. पॅटर्न चालू ठेवा, एक हात कटऑफवर ठेवा, आणि पाच मिनिटांत तो पूर्ण मिटलेल्यापासून पूर्ण उघडा करा. पाच मिनिटं, घाई न करता. पहिल्यांदा हात आपोआप पुढे पळतो. हा रियाज हाताला थांबायला शिकवतो.

आणि काही आवडलं की ते कागदावर लिहून ठेवा: सोळा चौकोन, खाली नॉबांच्या स्थिती. जुन्या ३०३ची बॅटरी संपली की स्मृतीतले पॅटर्न विस्कटायचे. नव्या यंत्रांत ती भीती कमी आहे, तरी कागद हवाच. आपण काय ठरवलं होतं, ते लिहिताना पुन्हा कळतं.

हे सगळं करत असताना एके दिवशी लक्षात येतं, की आपण पॅटर्नकडे पाहणंच सोडून दिलं आहे. दिवे एकापाठोपाठ एक पेटत आहेत, भूपाचे ते दहा स्वर कितव्यांदा तरी समेवर परतत आहेत, आणि हात कटऑफवर पेशकार मांडतो आहे: आधी अगदी थोडा उघडत, मग एखाद्या स्वराला रेझोनन्सने टोकत, मग सावकाश मिटत. खालीच्या घरात शांतता येते. पुढच्या तार सा वर फिल्टर किती उघडायचा, ते त्या शांततेत ठरतं. लेहरा धरणारं कुणीतरी आहे, म्हणून तेवढी उसंत मिळते.